पंधराचा पंखा, अकराचा पंखा

मला पोहता येत नाही, हे मी खात्यात कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. नवऱ्याची केंद्र सरकारात नोकरी, त्याच्या बदलीमागोमाग मी अमरावतीहून दिल्लीला आले आणि मेकॅनिकलच्या पदविकेवर पूरनियंत्रणाच्या एका खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले. माझं काम पंपांचं होतं. पावसाळ्याआधी पंप तपासायचे, पावसाळ्यात चालते ठेवायचे. पंप कोरड्या जमिनीवर असतात, त्यामुळे मी निर्धास्त होते.

मग बाजार खुला झाला. सरोजिनी नगरच्या बाजारात परदेशी माल उघड्यावर दिसायला लागला, आणि यमुनेपलीकडे नोएडाच्या सेक्टरांत काचेच्या दारांची दुकानं निघाली. त्यांतल्या एका दुकानात परदेशी बोटींची इंजिनं मिळायची. खात्याकडे तोवर वल्ह्यांच्या जड लाकडी नावा होत्या. पुरात अडकलेली माणसं काढायला आता फायबरची मोटरबोट घ्यायची असं ठरलं आणि आमच्या साहेबांनी ते काम माझ्याकडे दिलं. "इंजिन तर इंजिनच," ते म्हणाले. टेंडरचा तांत्रिक मसुदा मी लिहिला. किती अश्वशक्ती, किती माणसं, ताशी किती वेग, सगळं.

बोट आली ती हिवाळ्यात. चाचणीच्या दिवशी तिच्यात तिघंच होतो: दुकानाचा माणूस, साहेब आणि मी. बोटीचं नाक आधी वर झालं, मग आडवं झालं आणि ती पाण्यावरून सरपटत निघाली. साहेबांचा मफलर पाठीमागे फडफडत होता. मी एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने वेग टिपून घेतला. टेंडरमध्ये लिहिला होता त्यापेक्षा ताशी दोन किलोमीटरने जास्त. काठावर उतरल्यावर मी स्वीकृतीच्या कागदावर सही केली.

बोट चालवायला जो चालक मिळाला त्याला सगळे उस्तादजी म्हणत. पन्नाशीचा, यमुनेच्या काठीच वाढलेला, नावाड्यांच्या घरातला माणूस. कमी बोलायचा. जूनमध्ये एकदा तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, नाव में आठ आदमी बैठते हैं तो यह उठती नहीं."

"उठती नहीं म्हणजे?"

त्याने तळहात टेबलावर ठेवला आणि बोटं वर करून दाखवली. नाक वर, बूड खाली. "ऐसे ही चलती है. बैठ के."

मला त्याचं म्हणणं कळलं. असल्या बोटीला वेग येतो तो ती पाण्यातून वर येऊन पाण्याच्या पाठीवरून घसरायला लागते तेव्हा. वर येईपर्यंत ती नुसती पाणी ढकलत असते. रिकामी असताना ती आमची बोट चटकन वर आली होती, कारण आम्ही तिघंच होतो. पुरात तिच्यात तिघं नसणार. आणि जिथे ती वापरायची होती, तिथून खाली दोनेक किलोमीटरवर बराज, म्हणजे नदीवरचा दारांचा बांध, होता. पुराच्या दिवसांत बराजची सगळी दारं उचलतात आणि नदी तिकडे ओढ घेते. छपरावरून माणसं उतरवून घेतलेली भरली बोट जागेवरून निघते तेव्हा तिने तत्काळ वेग घेतला पाहिजे. नाहीतर प्रवाह तिला घेऊन जाणार.

आणि सही माझी होती.

आम्ही वाळूची पोती भरली, सहा माणसांच्या वजनाची. साडी नेसून बोटीत चढणं शक्य नव्हतं, म्हणून मी सरोजिनी नगरमधून दोन साधे सलवार-कमीज आणले होते. त्यावर नारिंगी जाकीट घातलं आणि त्याचे पट्टे तीनतीनदा ओढून पाहिले. उस्तादजींनी ते पाहिलं.

"चलें?"

"चला."

त्यांनी इंजिन पूर्ण वेगावर सोडलं. बोटीचं नाक इतकं वर गेलं की समोरची नदी दिसेना. उस्तादजी उभे राहून पाहायला लागले. मी मागे बसले होते, हातात घड्याळ. वीस सेकंद, तीस, चाळीस. इंजिन चढावर चुकीच्या गिअरमध्ये अडकलेल्या ट्रकसारखं गुरगुरत होतं. मिनिटाला किती फेरे ते दाखवणारा काटा त्रेचाळीसशेच्या वर जाईना. इंजिनाच्या पुस्तकात निदान पाच हजार हवेत असं लिहिलं होतं. मग उस्तादजींनी वळण घेतलं आणि मागच्या फळीवरून पाणी आत आलं. गार, काळं, वास मारणारं पाणी, माझ्या घोट्यांपर्यंत. उस्तादजींनी वेग हळूहळू उतरवला. एकदम उतरवला असता तर आमचीच लाट मागून आत आली असती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

त्या दिवशी घरी, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये, नवऱ्याला मी ओल्या सलवारीबद्दल सांगत होते. पाच वर्षांची मुलगी ऐकत होती. बराजच्या दारांपाशी पाण्यात भोवरे होतात असं मी म्हणाले तर तिने विचारलं, "आई, भोवरा म्हणजे?"

"अगं, लट्टू," नवरा म्हणाला.

"पानी में लट्टू?" ती हसायला लागली. मला मात्र ते चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

"तू बोटीत जायची काय गरज आहे?" ती खेळायला गेल्यावर तो म्हणाला. "पोती भरून दे, चालकाला पाठव. तुला पोहता येत नाही, यार."

"वेळ कोण मोजणार?"

"साहेबांना सांग."

मी सांगितलं नाही. बाई आहे म्हणून घाबरते, असं म्हटलं गेलं असतं. खरं तर मी घाबरतच होते.

पुढच्या शनिवारी मी नोएडाच्या त्या दुकानात गेले. दुकानदाराने थंड पाणी दिलं, जाडजूड माहितीपुस्तक उघडलं आणि माझं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, आपके टेंडर में स्पीड लिखी थी. तो हमने स्पीड वाला प्रोपेलर लगाया. लोड लेके कितनी देर में उठे, यह तो किसी ने लिखा ही नहीं था."

त्याचं बरोबर होतं. माझ्या मसुद्यात बोटीने किती माणसं न्यावीत ते होतं, किती वेगाने जावं ते होतं. दोन्ही एकाच वेळी व्हावं, असं कुठेच नव्हतं.

त्याने समजावून सांगितलं. प्रोपेलरच्या, म्हणजे इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याच्या, पात्यांना जो पीळ असतो त्यावर पिच ठरतं. स्क्रू लाकडात शिरतो तसा पंखा पाण्यात शिरतो असं धरलं, तर एका फेऱ्यात तो जितके इंच पुढे जाईल तितकं त्याचं पिच. आमच्या बोटीला पंधराचा पंखा होता. मोठं पिच म्हणजे वरचा गिअर: हलकी गाडी सपाट रस्त्यावर पळवायला छान, भरलेली गाडी जागेवरून उचलायला वाईट. त्याने मला तेराचा आणि अकराचा असे दोन पंखे चाचणीपुरते दिले. वर्तमानपत्रात गुंडाळून, कापडी पिशवीत घालून मी ते बसने घरी आणले. पिशवी मांडीवर होती आणि अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या कडा कागदातून मांडीला लागत होत्या. त्या पाण्यात कुणाच्या पायाला लागल्या तर काय होईल, हा विचार सबंध रस्ताभर पाठ सोडत नव्हता.

नंतरचे दहाबारा दिवस आम्ही रोज सकाळी नदीवर होतो. मला एक दिवसही भीती वाटली नाही असं झालं नाही. मी फक्त ती घेऊन बसायला शिकले.

तेराच्या पंख्याने भरली बोट अर्ध्या मिनिटात वर आली. बरं होतं, पण पुरेसं नव्हतं. मग पंखा तोच ठेवून आम्ही बाकीच्या गोष्टींना हात घातला. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी मागे होती, ती पुढे सरकवली. इंजिन ज्या खिळीवर टेकतं ती एक भोक आत घेतली, म्हणजे पंख्याचा जोर नाक उचलण्यात वाया जाऊ नये. पुस्तकात लिहिलं होतं की इंजिन मागच्या फळीवर एक भोक वर चढवलं तर पाण्याचा विरोध कमी होतो. तेही करून पाहिलं. सरळ रेषेत बोट झकास गेली. पण भरल्या बोटीने वळण घेताच पंख्याने हवा ओढली. इंजिन किंचाळलं, काटा लालात गेला आणि बोट जागच्या जागी ढिली पडली, पायाखालची पायरी निघून जावी तशी. दोन-तीन सेकंदच, पण आम्ही आडवे वाहत होतो.

"नीचे करो इसे," उस्तादजी म्हणाले. त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा घाई ऐकली. त्याच दिवशी इंजिन परत खाली घेतलं.

शेवटी अकराचा पंखा लावला. भरली बोट बारा सेकंदांत वर आली. काटा एक्कावन्नशेवर. उस्तादजींनी मागे वळून पाहिलं आणि मान हलवली. मी तीनदा वेळ मोजली.

पण पोती उतरवून रिकामी बोट पळवली तेव्हा काटा सहा हजारांवर गेला, इंजिनाच्या मर्यादेपलीकडे. अकराचा पंखा म्हणजे खालचा गिअर. वजन नसलं की इंजिन उधळणार. तसंच पळवत राहिलं तर ते आतून जळून जाम होऊ शकतं. मधल्या धारेत जाम झालं तर? मी दोन दिवस झोपेत काटे पाहत होते. तेराचा ठेवावा तर भरली बोट रेंगाळणार. अकराचा ठेवावा तर रिकामी बोट चालवणाऱ्याने हात आवरायला हवा. आणि माणसं वाचवायला जाताना बोट रिकामी असते, तेव्हाच तर हात आवरत नाही.

मी उस्तादजींना विचारलं.

ते म्हणाले, "भरी नाव का भरोसा चाहिए. खाली नाव में तो मैं हूँ, हाथ रोक लूँगा."

साहेबांची भीती वेगळी होती. "म्हणजे जास्तीत जास्त वेग टेंडरपेक्षा कमी होणार?" त्यांनी हिंदीत विचारलं. "ऑडिटने विचारलं तर?"

"सर, मी लिहून देते की बदल मी सुचवला."

त्यांनी कागद पुढे ओढला. "फक्त तुम्ही का?" ते म्हणाले आणि खाली आपलीही सही केली. मला ते अपेक्षित नव्हतं.

सप्टेंबरात पाणी आलं. वरच्या राज्यातून पाणी सोडल्याचा निरोप सकाळी आला आणि दुपारपर्यंत काठालगतची भाजीची शेतं गेली. एक कुटुंब ट्यूबवेलच्या खोलीच्या छपरावर अडकलं होतं, अकरा माणसं. बोटीवरचा मदतनीस दुसऱ्या ठिकाणी गेला होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मी जाकीट उचललं. शौर्य वगैरे नव्हतं. पंखा मी बदलला होता आणि काठावर उभं राहून बोट वाहून जाताना पाहणं मला जमलं नसतं, इतकंच.

नदी ओळखू येत नव्हती. चहाच्या रंगाची, रुंद, वर फेस, त्यात झाडं, गवताचे भारे, एक मेलेली म्हैस. उस्तादजी इंजिन तीन चतुर्थांशावर धरून होते. छपरावरची माणसं हात हलवत होती आणि आम्ही हळू चाललो आहोत असं त्यांना वाटत असणार. एक बाई ओरडत होती. माझ्या तोंडावर आलं होतं, "उस्तादजी, जरा जोरात." मी दात आवळून काट्याकडे पाहत राहिले.

छपरापाशी बोट उभी करून आम्ही तीन बायका आणि चार मुलं घेतली. सगळ्यांना पुढच्या बाजूला दाटीने बसवलं. चार पुरुष मागे राहिले. त्यांच्यातल्या सर्वांत थोरल्याने हातानेच सांगितलं, जा. निघताना बोट बारा सेकंदांत उठली असेल-नसेल, मी मोजलं नाही. पण उठली. नाक खाली आलं, काठ जवळ यायला लागला.

मग खालून एक ठोका बसला आणि इंजिन धापा टाकत बंद पडलं.

इंजिन बंद झाल्यावर नदीचा आवाज ऐकू आला. तोवर तो इंजिनात झाकलेला होता. उस्तादजींनी लंगर टाकला. तो तळ ओरबाडत घसरत राहिला, बोट थोडी मंदावली इतकंच. खाली बराजचे खांब दिसत होते, एकापुढे एक. त्यांच्या मधल्या फटींतून पाणी खाली जात होतं आणि तिथून धुक्यासारखे तुषार उठत होते.

उस्तादजींनी इंजिन वर उचललं. पंख्याभोवती पूजेच्या ओढण्या गुंडाळल्या होत्या, दोन-तीन, जरीच्या काठांसकट पिळून घट्ट झालेल्या. लोक पुलावरून नदीत सोडतात त्या. उस्तादजींना लंगराची दोरी सोडता येत नव्हती. त्यांनी इंजिनाची लाल दोरी, जी काढली की इंजिन सुरूच होऊ शकत नाही, ती उपसून माझ्या हातात दिली.

"यह आपके पास. जब तक आप न दें, पंखा नहीं घूमेगा."

मी ती मनगटाला गुंडाळली आणि मागच्या फळीवर पोटावर आडवी झाले. तोंड पाण्यापासून वीतभर. मागून एका बाईने माझे दोन्ही पाय धरले. "मैं पकड़े हूँ, दीदी," ती म्हणाली. तिच्याचजवळ भाजी कापायचा विळा होता, तो तिने मला पुढे दिला. ओढणीचे पीळ कापताना पात्यांच्या कडा मनगटाला लागत होत्या. मी किती वेळ कापत होते ते मला सांगता येणार नाही. एक लहान मूल सारखं विचारत होतं, "घर आ गया?" शेवटची चिंधी निघाली तेव्हा मी मान वर केली आणि बराजच्या खांबांवरचे पाण्याच्या पातळीचे आकडे मला वाचता आले. इतके जवळ आलो होतो.

उस्तादजींनी हात पुढे केला. मी मनगटावरची दोरी सोडायला लागले आणि बोटं चालेनात. त्यांनीच ती सोडवून घेतली. इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. लंगर वर घेत बसायला वेळ नव्हता. त्यांनी लंगराची दोरी कापून टाकली आणि इंजिन पूर्ण वेगावर सोडलं. एक क्षण बोट जागेवरच थरथरली. आम्ही मागे जात होतो की उभे होतो, कळत नव्हतं. मग मागून उचलल्यासारखी ती वर आली आणि खांब लहान व्हायला लागले.

काठावर पोचल्यावर मी स्वतः उतरले, पुलाच्या भिंतीला टेकून बसले आणि ओकले.

छपरावर अजून चार जण होते. उस्तादजी पेट्रोल पाहत होते, पंखा हाताने फिरवून पाहत होते. दुसरा लंगर आला. ते माझ्याकडे आले आणि थांबले.

"मला नाही जमणार," मी मराठीतच म्हणाले. त्यांना ते कळलं.

"कोई बात नहीं," ते म्हणाले आणि एका होमगार्डला घेऊन गेले.

तो अर्धा तास मी काठावर होते. बोटीत माझे पाय धरलेली बाई माझ्या शेजारी बसली होती. तिचा नवरा त्या चौघांत होता. तिने मला विचारलं नाही की तुम्ही का गेला नाहीत. ती नदीकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे पाहू शकत नव्हते. बोट परत दिसली तेव्हा तीच आधी उठली. चौघंही होते.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये उस्तादजी इंजिन स्वच्छ पाण्याने धूत होते. मी त्यांना सांगून टाकलं की मला पोहता येत नाही, पहिल्यापासून येत नाही.

"पता था," ते म्हणाले. "आप जैकेट के पट्टे जैसे खींचती हैं, उसी दिन समझ गया था."

"मग मला घेऊन का जात होता?"

त्यांनी पाइप बंद केला. जी माणसं घाबरत नाहीत ती बोटीत उभी राहतात, ते म्हणाले, आणि त्यांच्यामुळेच बोट उलटते. आपण नेहमी बसून राहिलात. मग त्यांनी मला पंख्याचं एक पातं दाखवलं. ठोक्याने त्याची कड दुमडली होती. पाण्यात पडलेलं लाकूड असावं. त्यांनी ते पातं अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाले, अकराचाच आणखी एक पंखा बोटीत राहू द्या, तो बदलायच्या पान्यांसकट आणि पिनेसकट.

मी त्या दुपारीच मागणीचा कागद लिहायला घेतला.